आर: पडद्यावर समास बरोबर, पीएनजीत मात्र जिल्ह्यांची नावं कापली जातात

प्रश्न
महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचा आडवा स्तंभालेख आर या प्रोग्रामिंग भाषेतल्या बारप्लॉट फंक्शनने काढायचा आहे. हॉरिझ = ट्रू (आडवे स्तंभ), लास = १ (आडवी अक्षरं), नावं देवनागरीत. आरस्टुडिओत (आर चालवायचं ॲप) आधी समास ओळींत ठरवणारं पार(मार = सी(४, १०, १, १)) दिलं की 'छत्रपती संभाजीनगर' पूर्ण दिसतं. मग चित्राची फाइल बनवणारं पीएनजी() उघडून तोच आलेख काढला, तर शेवटचं 'जीनगर' तेवढं उरतं. रेस = ३०० (इंचाला ३०० पिक्सेल) केल्यावर 'फिगर मार्जिन्स टू लार्ज' (समास फार मोठे) असा एरर येतो. छपाईसाठी पीडीएफही हवी आहे.

उत्तर १
क्रम चुकतोय. पार() फक्त त्या वेळी चालू असलेल्या डिव्हाइसला (आलेख जिथे उतरतो तो पडदा किंवा फाइल) लागू होतं. पीएनजी() नवं डिव्हाइस उघडतं आणि तिथे मार पुन्हा मूळच्या ५.१, ४.१, ४.१, २.१ वर असतं (खाली, डावा, वर, उजवा). म्हणून आधी पीएनजी(), मग पार(), मग बारप्लॉट(), शेवटी डेव्ह.ऑफ(). डेव्ह.ऑफ() विसरलं तर फाइल पूर्ण होत नाही.

आता एररचं. मापं दिली नाहीत तर पीएनजी ४८० × ४८० पिक्सेलची होते. रेस ३०० धरलं की ती जेमतेम १.६ इंचांची. मारमधली एक ओळ १२ पॉइंटला ०.२ इंच, म्हणजे दहा ओळींचा डावा समासच २ इंच! स्तंभांना जागा उरणार कुठून? मापं इंचातच द्या: विड्थ = ७, हाइट = ९, युनिट्स = "इन", रेस = ३००. उंचीत कंजूषी नको. ३६ नावांना प्रत्येकी ०.२ इंच धरले तरी ७.२ इंच होतात, शिवाय वरखालचे समास.

उत्तर २
पीडीएफसाठी साधं पीडीएफ() वापरू नका. त्याच्या नेहमीच्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरांच्या संकेतांत) देवनागरी बसत नाही. अक्षरांच्या जागी ठिपके येतात आणि वॉर्निंगची रांग लागते. कैरो_पीडीएफ() घ्या आणि फॅमिलीत मशीनवर असलेला देवनागरी फॉन्ट द्या, उदाहरणार्थ नोटो सान्स देवनागरी. जोडाक्षरंही नीट जुळतात. फॉन्ट बदलला की नावांची रुंदीही बदलते, त्यामुळे समास शेवटी ठरवा.

प्रश्नकर्ता
दोन्ही जमलं, आभार. फक्त वायलॅबचं (उभ्या अक्षाचं शीर्षक) 'जिल्हा' नावांवरच छापलं जातंय.

उत्तर १
अक्षाचं शीर्षक एमजीपीनुसार (शीर्षक अक्षापासून किती दूर, ते ठरवणारं मूल्य) समासातल्या तिसऱ्या ओळीवर बसतं, आणि तिथे तर नावं आहेत. वायलॅब रिकामं ठेवा, डावा समास ११ ओळी करा आणि समासात मजकूर लिहिणारं एमटेक्स्ट("जिल्हा", साइड = २, लाइन = ९.५) द्या (२ म्हणजे डावी बाजू). माझ्या मते या आलेखात ते शीर्षक नसलं तरी चालेल. नावं वाचून जिल्हे आहेत हे कळतंच.

उत्तर ३
पुढे जीजीप्लॉटकडे (आरमधलं आलेखांचं वेगळं पॅकेज) वळलात तर एक लक्षात ठेवा: अक्षावरच्या नावांना तिथे जागा आपोआप मिळते, पण प्लॉट.मार्जिनमधला क्रम वर, उजवा, खाली, डावा असा आहे. इथले आकडे तसेच उचलले तर समास भलत्याच बाजूला वाढतो.