शिरक्यातला लसूण निळा-हिरवा पडला, टाकून द्यायचा का?

गवतीचहा: अर्धा लिटर पांढऱ्या शिरक्यात (व्हिनेगरमध्ये) लसणाच्या 15 पाकळ्या ठेचून आणि 6 हिरव्या मिरच्या अख्ख्या घातल्या. चौथ्या दिवशी लसूण निळसर-हिरवा झालाय, पत्र्याच्या झाकणाला आतून गंज आलाय. दुसऱ्या बरणीत सफरचंदाच्या शिरक्यात गवती चहा, आलं आणि ओली हळद आहे. तिच्यावर पातळ पांढरी साय धरलीये. पहिली स्वयंपाकासाठी, दुसरी घसा धरला की घ्यायला. काय चुकलं? प्रमाण आणि मुदतही सांगा.

बरणी_फडकं: रंगाला घाबरू नका. लसूण ठेचला की त्यातली गंधकाची द्रव्यं मोकळी होतात आणि आम्लात अमिनो आम्लांशी जुळून हा रंग येतो. खायला अपाय नाही. फ्रीजमध्ये राहिलेल्या लसणात हे जास्त होतं. पाकळ्या न ठेचता अख्ख्याच मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकून, पुसून घातल्या तर बराच आळा बसतो.

पण ती बरणी टाकाच, ती गंजामुळे. शिरक्याची वाफही पत्रा खाते. झाकण प्लॅस्टिकचं हवं, नाहीतर मध्ये बटर पेपर.

साय उजेडात धरून बघा. गुळगुळीत, जेलीसारखी असेल तर ती शिरक्याची 'मदर', म्हणजे शिरका बनवणाऱ्या जिवाणूंचा थर, न गाळलेल्या शिरक्यात धरतेच, काढून टाका. कापसासारखी लव, हिरवे-काळे ठिपके दिसले तर बुरशी. मग वरचं काढून भागत नाही, अख्खी बरणी ओतून द्या.

आंबटगोड: मूळ चूक पाण्याची असते. आपल्याकडे शिरक्यात किमान 3.75 टक्के ॲसेटिक आम्ल असावं असा नियम आहे. 4 टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये 20 ग्रॅम आम्ल आलं. ओली पानं, आलं, हळद यांचं मिळून 100 मिली पाणी उतरलं तर ते 3.3 टक्क्यांवर येतं, आणि टिकाऊपणा कमी होतो. म्हणून लेबल बघून 5 टक्क्यांचा घ्या.

500 मिलीला गवती चहाची 4-5 पाती, 40 ग्रॅम आलं, 25 ग्रॅम ओली हळद, 8 मिरी. तिखट शिरक्याला 8-10 पाकळ्या, 4 मिरच्या. अख्खी मिरची पोकळ, ती तरंगते आणि वरचा भाग कोरडा राहून तिथेच बुरशी धरते. देठाजवळ चीर द्या, आत शिरका शिरला की बुडते.

काचेची बाटली 10 मिनिटं उकळून कोरडी करा. पानं धुऊन पंख्याखाली पूर्ण सुकवा. शिरका स्टीलच्या पातेल्यात कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंतच तापवा, उकळू नका. ॲल्युमिनियम, पितळ अजिबात नको. गरम असतानाच ओता, सगळं बुडायला हवं. 2-3 आठवडे अंधारात. लोणच्यासारखं उन्हात ठेवलं तर रंग आणि वास दोन्ही जातात. मग मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळा. फ्रीजमध्ये 6 महिने छान राहतो.

गोव्याकडचं माडाच्या सुरेचं व्हिनेगर मिळालं तर त्यात लसूण-मिरचीच घाला. त्याचा स्वतःचा वास दांडगा, गवती चहा त्यात हरवतो.

हीच कृती तेलात मात्र करू नका. तेलात आम्ल नसतं. लसूण घातलेलं तेल बाहेर ठेवलं तर बोट्युलिझमचं (जिवाणूंमुळे होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचं) विष तयार होऊ शकतं.

काढा_नको: घशासाठी 2 चमचे, म्हणजे 10 मिली, ग्लासभर कोमट पाण्यात. नुसता कधीच नाही, घसा आणखी पोळतो आणि दातांवरचं आवरण झिजतं. वर साध्या पाण्याने चूळ भरा, अर्धा तास ब्रश करू नका. मध घालणार असाल तर वर्षाखालच्या बाळाला ते देऊ नये. पित्ताचा त्रास असेल, मधुमेहाच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. यानं बरं वाटतं, संसर्ग बरा होत नाही. ताप असेल तर शिरक्यावर थांबू नका.

गवतीचहा: मदरच निघाली, लव नाही. पण तळाशी हळदीचा साका बसलाय.

आंबटगोड: तो हळदीचा पिठूळ भाग, विरघळत नाही. बाटली रात्रभर न हलवता ठेवा, वरचा नितळ शिरका हलकेच दुसऱ्या बाटलीत ओता. उरलेला गाळ दोन दिवसांत फोडणीच्या डाळीत संपवा.