गोझो एका दिवसात उरकायचं की तिथे मुक्काम करायचा?

सांजवारा
मामेबहीण ऑक्टोबरात भूमध्य समुद्रातल्या माल्टाला जाते आहे. तिचा आठ दिवसांचा बेत पाहिला. त्यात गोझोला एकच दिवस: सकाळी बोट, जीपमधून बेटाची फेरी, येताना कोमिनो या मधल्या छोट्या बेटाचं ब्लू लगून आणि रात्री हॉटेलात परत. मला हे मुळीच पटलं नाही. तिला सांगून झालं, आता इथे मांडते.

गोझो हे माल्टाच्या वायव्येचं ६७ चौरस किलोमीटरचं बेट. माल्टाच्या चिर्केव्वा बंदरातून बोटीने पंचवीस मिनिटं लागतात. एवढंसं बेट, मग दिवसभरात होईलच की, असा हिशोब सगळेच करतात. आम्ही गेल्या सप्टेंबरात पश्चिमेकडच्या आर्ब गावात पाच रात्री राहिलो. दुपारी चार-साडेचारला सहलीच्या गाड्या बंदराकडे वळतात आणि त्यानंतर गाव गावकऱ्यांचं होतं. चर्चसमोरच्या चौकात म्हातारी मंडळी येऊन बसतात, बाया दारात खुर्च्या टाकतात. काही जुन्या घरांच्या दारांना किल्ली बाहेरूनच लावलेली दिसते, ओळखीच्याने यावं आणि दार उघडून आत जावं. बोलणं कानावर पडतं तेव्हा मध्येच आपले शब्द लागतात. मालटी ही अरबी कुळातली भाषा, लिहितात मात्र रोमन लिपीत. जगाला ‘दिन्या’, पुस्तकाला ‘क्तीब’, वर्षाला ‘सेना’. आपली दुनिया, किताब आणि सन. हे जीपमधून ऐकू येत नाही.

आणि गोझोच्या उत्तर किनाऱ्यावरची श्वेयनीची मिठागरं. आपल्याकडे उरण-वसईला मिठागर म्हणजे चिखलाचे बांध. इथे किनाऱ्याच्या चुनखडीतच चौकोनी खाचे कोरलेले, शेकडो, एकाला लागून एक. उन्हाळ्यात त्यांत समुद्राचं पाणी भरतात आणि ते उडून जायची वाट बघतात. आम्ही सकाळी सातला पोचलो तेव्हा एक बाई लांब दांड्याच्या झाडूने मिठाची साय कडेला ओढत होती. हो, सायच. वरचा थर इतका पातळ की झाडू जरा जोरात लागला तर खालची दगडाची पूड मिसळते. ती अर्धा खाचा लोटायची, थांबायची, वाऱ्याकडे बघायची. दहाच्या सुमारास पहिली जीप आली तेव्हा ती सावलीला जाऊन बसली होती. जीपमधल्यांना पांढरे ढीग दिसले, काम दिसलं नाही.

म्हणून माझं मत: गोझोला किमान तीन रात्री द्या, नाहीतर तो दिवस माल्टालाच द्या.

गुलमोहर
शेवटच्या वाक्याशी अजिबात सहमत नाही.

रजा मिळते दहा दिवसांची. मुंबईहून माल्टाला थेट विमान नाही, म्हणजे जाण्यायेण्यात दोन दिवस गेले. व्हिसाचा खर्च, त्यात आईचे गुडघे. सामान बांधा, हॉटेल बदला, पुन्हा सामान सोडा, यात तिचा अर्धा दिवस आणि सगळी ताकद जाते. आम्ही गोझो एका दिवसातच केलं. जगंतीयाची देवळं, राजधानी व्हिक्टोरियातला किल्ला, ता पिनूचं चर्च, बस्स.

जगंतीया पाच हजार वर्षांहून जुनं, पिरॅमिडांच्याही आधीचं. तिथे माहिती देणाऱ्या बाईंनी दंतकथा सांगितली की एका राक्षसिणीने कडेवर मूल घेऊन हे दगड वाहिले. आई त्या दगडांपुढे पाच मिनिटं गप्प उभी होती, मग म्हणाली, “बाईनेच उचलले असतील, खरं आहे.” तिने शेतावर मला पाठीशी बांधून कामं केली आहेत. तुम्ही ‘उरकणं’ म्हणता तो दिवस आमच्या घरात अजून निघतो. तीन रात्री जमत नाहीत त्यांनी जाऊच नये, हे सांगायचा अधिकार कुणालाच नाही.

दर्यावर्दी
मुक्कामाला आता उरलंय तरी काय? पश्चिम किनाऱ्यावरच्या द्वेयराची ती प्रसिद्ध दगडी कमान, अझूर विंडो, ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली. रामला नावाची लाल वाळूची पुळण छान आहे, पण पुळणीसाठी एक दुपार पुरते.

सांजवारा
दर्यावर्दी, कमान पडली, द्वेयरा तिथेच आहे. कड्याच्या आतलं खाऱ्या पाण्याचं तळं आहे, त्यातून डोंगराच्या भेगेतून होडी थेट खुल्या समुद्रात निघते. शेजारच्या ब्लू होलमध्ये पाणबुडे उतरतात. संध्याकाळी सहाला तिथे आमच्याशिवाय दोन गळ टाकणारे होते, तेवढेच.

गुलमोहर, आईंचं वाचून गलबलून आलं. ‘नाहीतर माल्टालाच द्या’ हे मी चुकीचं लिहिलं, मागे घेते. पण ज्यांचे गुडघे शाबूत आहेत आणि हातात आठ दिवस आहेत, त्यांच्यासाठी माझं म्हणणं कायम.

पाणवठा
मी गोझोतल्या एका वृद्धाश्रमात दोन वर्षं नर्स होते. तुम्ही दोघीही पाहुण्यांच्या बाजूने भांडताय, म्हणून लिहिते.

सांजवारा, तुम्ही राहिलात ते जुनं दगडी घर असेल, मागे पोहण्याचा हौद असेल. बेटावर बारमाही नदी नाही, गोड्या पाण्याचं मोठं तळं नाही. नळाला येणारं बरंचसं पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून येतं. फोंताना गावात रस्त्याच्या कडेला झऱ्यावरचं जुनं धुण्याचं ठिकाण आहे, कमानीखाली दगडी कुंड्या. आमच्या आश्रमातल्या एक आजी सांगायच्या की त्यांची आई तिथे धुणं घेऊन जायची आणि शेवटच्या पिळ्याचं पाणीसुद्धा भाजीला घालायची. त्याच गावांमध्ये आता सुट्टीच्या फ्लॅटांच्या इमारती उठताहेत आणि तरुण जोडप्यांना घर परवडत नाही. ‘रात्री मुक्काम करा’ हा सल्ला इतका निर्मळ नाही.

पण एका दिवसाच्या सहली त्याहून वाईट. गोझोकर नोकरीला, कॉलेजला, मोठ्या दवाखान्याला माल्टालाच जातात. ऑगस्टात गोझोच्या इम्जार बंदरावर गाड्यांची रांग टेकडीवर चढते. माझ्या वॉर्डातल्या आजोबांना तपासणीहून परत आणताना आम्ही पलीकडे चिर्केव्वाला तीन बोटी सोडून उभे होतो, पुढे रिकाम्या भाड्याच्या गाड्या आणि जीपच जीप. दोन बेटांमध्ये बोगदा करावा का, यावर तिथे वर्षानुवर्षं वाद आहे. घरातल्या घरात मतं फुटतात. दवाखान्याची वाट बघितलेला माणूस बोगदा मागतो आणि त्याचाच भाऊ म्हणतो की बोगदा झाला की आपलं बेट उरणार नाही.

त्यामुळे दिवस किती, यापेक्षा कधी आणि कसे जाता ते बघा. जुलै-ऑगस्ट सोडा. गाडी पलीकडे ठेवून चालत बोटीत चढा. व्हिक्टोरियाहून प्रत्येक गावाला बस आहे. राहायचं तर घरमालक त्याच घरात राहतो अशी खोली घ्या. आणि मार्च-एप्रिलमध्ये जाऊन बघा, शेतांच्या दगडी गडग्यांआड सुल्ला या चाऱ्याच्या पिकाची लाल फुलं गुडघाभर वाढलेली असतात. सप्टेंबरातलं करपलेलं बेट पाहिलेल्याला ते ओळखूसुद्धा येणार नाही.

गुलमोहर
पाणवठा, रांगेचं माहीत नव्हतं. आमचीही जीपच होती. आईला घेऊन बसने फिरणं मला जमलं नसतं, हेही तितकंच खरं. तिथे ज्येष्ठांना बस झेपते का?

पाणवठा
झेपते, पण तासाच्या आसपास थांबावं लागतं. आईंसोबत टॅक्सी करा, ती बेटावरचीच असते, बोटीत जागा अडवत नाही. आणि १५ ऑगस्टच्या सांता मारियाच्या सणाला जाऊ नका, त्या दिवशी आख्खा माल्टा गोझोत असतो.

सांजवारा
हौद होता. आम्ही रोज त्यात उतरत होतो आणि पाण्याचा विचार एकदाही मनात आला नाही. पुढच्या वेळी खोलीच घेईन.

मामेबहिणीशी बोलले. तीन रात्रींना नाहीच म्हणाली, हॉटेलाचे पैसे भरले आहेत. एक रात्र काढली आहे, गोझोतल्या शाआरा गावात, एका म्हातारा-म्हातारीच्या घरात वरची खोली. जगंतीया चालत जाता येईल. जीप आणि ब्लू लगून दोन्ही रद्द.

गुलमोहर
ब्लू लगून रद्द केलं ते फार बरं केलंत. आम्हाला मे महिन्यातही तिथे खडकावर टॉवेल पसरायला जागा मिळाली नव्हती, आई बोटीतच बसून राहिली होती. शाआराच्या खोलीचा जिना किती पायऱ्यांचा आहे, तेवढं बहिणीला विचारून सांगाल का?