स्कोअर १०/२५, तीन दिवसांनी १८/४०: आजार वाढला की मोजपट्टी बदलली?

निवासी_मेडिसिन
शिकवणीसाठी कोविडच्या २०२१ मधल्या दुसऱ्या लाटेतले छातीचे सीटी काढलेत. एका रुग्णाचे दोन रिपोर्ट आहेत, दोन वेगळ्या सेंटरचे. लक्षणांच्या पाचव्या दिवशी स्कोअर (फुफ्फुस किती बाधित, त्याचे गुण) १०/२५, कोरॅड्स (सीटीच्या रिपोर्टमधला कोविडचा दुसरा आकडा) ५. आठव्या दिवशी १८/४०, कोरॅड्स ६. केसपेपरवर कुणीतरी पेन्सिलने '४०% वरून ४५%, कोरॅड्सही वाढला' असं लिहून स्टिरॉइड सुरू केलंय. सॅचुरेशन दोन्ही दिवशी ऑक्सिजनशिवाय ९७. पोरांना हे कसं समजवायचं? आणि स्कोअरवरून पुढचं भाकीत कितपत करता येतं?

फिल्मवाचक
पेन्सिलवाल्याने दोन चुका एका ओळीत बसवल्यात.

२५ च्या स्कोअरमध्ये फुफ्फुसांचे पाच लोब (कप्पे), प्रत्येकाला कमाल ५ गुण. लोबचा ५ टक्क्यांहून कमी भाग बाधित असेल तर १, २५ टक्क्यांपर्यंत २, ५० च्या आत ३, ७५ पर्यंत ४, त्यापुढे ५. आता फळ्यावर मांडा. पाचही लोबमध्ये जेमतेम ६-६ टक्के डाग: २ गुणिले ५, झाले १०. पाचही लोब २४-२४ टक्के: तरी १०. वरचे लोब स्वच्छ आणि खालचे दोन्ही पूर्ण भरलेले: पुन्हा १०, पण इथे जवळजवळ निम्मं फुफ्फुस गेलेलं असतं. त्यामुळे '१०/२५ म्हणजे ४० टक्के' हा भागाकार निरर्थक आहे. त्यात उजवा मधला लोब आकाराने सगळ्यांत लहान, पण त्यालाही गुण पाचच.

४० च्या पद्धतीत फुफ्फुसाचे २० भाग करतात. काही नाही तर ०, निम्म्याहून कमी १, निम्मा किंवा जास्त २. प्रत्येक भागात एकेक ठिपका असला की २०/४०, आणि नातेवाईक म्हणणार 'अर्धं फुफ्फुस गेलं'.

तेव्हा दोन्ही स्कॅन शेजारी लावा, विंडो, म्हणजे पडद्यावरची काळ्या-पांढऱ्या छटांची मर्यादा, सारखी ठेवा (रुंदी १५००, मध्य उणे ६००) आणि एकाच पद्धतीने नव्याने गुण द्या. नुसतं क्षेत्रफळ बघू नका. पाचव्या दिवशी दुधी काचेसारखी झाक असलेली जागा आठव्या दिवशी तेवढीच असते, पण तिच्यात जाळी उमटलेली असते किंवा ती घट्ट पांढरी झालेली असते. आजार पुढे सरकलाय, स्कोअर तिथेच. साधारण दहाव्या दिवसाच्या आसपास हे शिगेला पोचतं, दोन आठवड्यांनंतर विरायला लागतं आणि फुफ्फुसाच्या कडेला पट्टे उरतात.

कोरॅड्सचं तर आणखी सोपं. डच रेडिओलॉजिस्टांनी २०२० मध्ये केलेली ती संशयाची पट्टी आहे, तीव्रतेची नाही. १ म्हणजे संशय जवळपास नाही, ५ म्हणजे चित्र अगदी कोविडसारखं, ६ म्हणजे आरटीपीसीआर पॉझिटिव्ह आलेली आहे. मधल्या काळात स्वॅबचा रिपोर्ट आला, एवढाच त्या ५ ते ६ चा अर्थ. कोरॅड्स ६ आणि स्कोअर ०/२५ हेही एकत्र असू शकतं.

सीटी_तंत्रज्ञ
स्कोअरवर वाद घालण्याआधी स्कॅन कसा निघालाय ते बघा. दम लागलेला रुग्ण पूर्ण श्वास भरत नाही. अर्धवट श्वासात काढलेल्या स्कॅनमध्ये सगळं फुफ्फुस धुरकट दिसतं आणि फुकटचे गुण चढतात. ओळखायची खूण श्वासनलिकेत: तिची मागची भिंत आत वाकलेली दिसली की श्वास सोडलेला होता. टेबल आत घेण्यापूर्वी दोनदा सराव करून घ्या, स्कॅनची दिशा खालून वर ठेवा. खालचे लोब आधी उरकतात, शेवटी श्वास सुटला तरी नुकसान कमी.

उताणं झोपल्यावर पाठीकडे दबलेला भागही डागासारखा दिसतो. शंका असेल तर तेवढ्या भागाचे काही काप पालथं झोपवून घ्या. दबलेला भाग मोकळा होतो, खरा डाग तिथेच राहतो.

काप १ ते १.५ मिमी. या कामाला कमी डोस पुरतो, १०० ते १२० केव्ही आणि ३०-५० एमएएस (क्ष-किरणांची ताकद आणि मात्रा); रुग्ण जाड असेल तर वाढवा. नेहमीच्या छातीच्या सीटीला ५ ते ७ मिलिसिव्हर्ट (शरीरावर पडणाऱ्या किरणांचं माप) पडतात, कमी डोसमध्ये १-१.५ वर भागतं. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या संचालकांनी 'एक सीटी म्हणजे ३००-४०० एक्स-रे' असं म्हटलं होतं, ते आठवत असेल. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने त्याला तेव्हाच हरकत घेतली होती. तरी दर तीन दिवसांनी स्कॅन करायला हे काही कारण नव्हे. (सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने दर बांधून दिले. त्यानंतर फेऱ्या वाढायला खिशाचीही अडचण उरली नाही, हे माझं मत.)

आयसीयू_रात्रपाळी
भाकिताबद्दल. स्कोअरला दिवस जोडल्याशिवाय तो वाचूच नका. चौथ्या दिवशी ८ असेल तर पुढचा आठवडा डोळ्यांत तेल घालून बघायचा. चौदाव्या दिवशी ८ आणि ताप नाही, तर ती बहुधा उतरंड. पहिल्या दोन दिवसांत तर जवळपास निम्म्या रुग्णांचा सीटी कोरा असतो, त्यामुळे 'सीटी नॉर्मल, घरी जा' हेही चूक.

तुमच्या रुग्णाला सीटीपेक्षा सहा मिनिटं चालवणं जास्त उपयोगाचं होतं. चालून सॅचुरेशन ३ किंवा जास्त अंकांनी घसरलं, किंवा ९४ च्या खाली गेलं, तर दाखल करा. श्वासाची गती पूर्ण मिनिट मोजा. २४ आणि वर गेली की आजार मध्यम गटात धरतात, बसल्या जागी सॅचुरेशन ९७ का असेना.

स्टिरॉइड मात्र स्कोअर बघून नाही. रिकव्हरी या ब्रिटनमधल्या मोठ्या औषधचाचणीत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडच्या ६ मिग्रॅचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्यांना झाला. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसला नाही, अपायाची शक्यताच दिसली. मधुमेही असेल तर साखर उसळते ती वेगळीच.

उलटही लक्षात ठेवा. स्कोअर ६ आणि सॅचुरेशन ८८, हे जुळत नाही. अशा वेळी फुफ्फुसाच्या धमनीत गुठळी शोधा. साध्या सीटीत ती दिसत नाही, कॉन्ट्रास्ट देऊन अँजिओ करावा लागतो. कॉन्ट्रास्ट मूत्रपिंडाला झेपेल का, यासाठी आधी क्रिएटिनिन बघा.

निवासी_मेडिसिन
लख्ख झालं. एकच शेपूट: कोरॅड्स ५ पण स्वॅब निगेटिव्ह?

फिल्मवाचक
लाट ऐन भरात असेल तर स्वॅब पुन्हा घ्या आणि तोवर कोविड समजूनच वागा. आज तेच चित्र दिसलं तर आधी इन्फ्लुएन्झा, हृदयामुळे फुफ्फुसात साठलेलं पाणी, औषधांचा दुष्परिणाम हे तपासा. दोन्ही बाजूंना छातीत पाणी, सुजलेल्या लसिकागाठी, पोकळी किंवा कळ्या फुटलेल्या फांदीसारखे ठिपके असतील तर मुळात ५ द्यायलाच नको होता. आपल्याकडे पोकळी दिसली की थुंकी टीबीसाठी पाठवाच.