नात्याचा आकडा: वंशावळीतून काढायचा की डीएनएतून?

अनुवंशी: जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टनचा १९६४ चा नियम असा: नातेगुणांक (दोघांमधल्या जनुकीय नात्याचा आकडा) गुणिले घेणाऱ्याचा फायदा हे देणाऱ्याच्या तोट्याहून जास्त भरलं, की परार्थी (स्वतः झीज सोसून दुसऱ्याला मदत करणारी) वागणूक नैसर्गिक निवडीत टिकते. फायदा-तोटा मोजताना सगळे घाम गाळतात, पण नात्यापाशी आले की ‘सख्ख्या बहिणी, म्हणजे ०.७५’ (मुंग्या-मधमाश्यांतला, एकच बाप धरून आलेला आकडा) लिहून मोकळे होतात. मधमाशीच्या राणीचं दहा नरांशी मीलन झालं, तर कामकऱ्यांमधलं सरासरी नातं ०.२५ + ०.५/१० = ०.३० एवढंच उरतं. नातं थेट मार्करवरूनच (डीएनएतल्या व्यक्तीगणिक बदलणाऱ्या खुणांवरून) काढा.

पोळेवाला: अहो, हे ०.३० वंशावळीच्याच सूत्रातून आलंय! (तेही दहाही नरांचा वाटा सारखा असेल तरच.) मार्करचं काम बाप मोजण्यापुरतं. मुलीच्या जनुकरूपातून (तिच्याकडच्या दोन प्रतींतून) आईचा अॅलील, म्हणजे त्या खुणेचा आईकडून आलेला प्रकार, वगळा, उरला तो बापाचा. नर एकगुणित, म्हणजे त्याच्याकडे प्रत्येक जनुकाची एकच प्रत, त्यामुळे सगळ्या मुलींना तोच देतो. मार्करवरून काढलेला थेट अंदाज किती डळमळतो ते बघा. एका माशीत एखाद्या अॅलीलची वारंवारता ०.५ (दोनपैकी एक प्रत), तिच्या पोळ्यातल्या इतरांत ०.३५, समष्टीत, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या माश्यांत, ०.२. नातं = (०.३५ − ०.२) / (०.५ − ०.२) = ०.५. समष्टीचा आकडा ०.३ धरला की तेच नातं ०.२५. माश्या त्याच, नातं निम्मं!

अनुवंशी: हा दोष नाही, हीच व्याख्या आहे. नातं म्हणजे समष्टीच्या सरासरीपेक्षा जास्तीचं साम्य. वंशावळही मूळ पूर्वज परस्परांशी असंबंधित धरते, फक्त ते कुणी लिहीत नाही. एका पोळ्यात तीन राण्या, त्याही एकमेकींच्या बहिणी असतील, तर तुमचं सूत्र कुठून सुरू करणार? मात्र समष्टीची वारंवारता काढताना ज्या पोळ्याचं नातं मोजताय ते वगळायलाच हवं, नाहीतर थोड्या पोळ्यांच्या नमुन्यात आकडा खाली ओढला जातो.

पोळेवाला: आणि नल अॅलील, म्हणजे असूनही चाचणीत न दिसणारा अॅलील? प्रायमर (चाचणीत डीएनएला चिकटणारा छोटा तुकडा) नीट बसला नाही, तर विषमयुग्मी (दोन वेगळे अॅलील असलेली) माशी समयुग्मी (दोन्ही सारखे असलेली) दिसते आणि आई-मुलगीही जुळत नाहीत. आधी नर तपासा: बाकीचे लोकस (डीएनएवरच्या तपासायच्या जागा) उमटतात आणि एकच कोरा राहतो, तर तो लोकस टाकून द्या.

वारूळ: दोघांनीही नातलगांमधल्या स्पर्धेचा मुद्दाच सोडून दिला. टेलर या संशोधकाने १९९२ मध्ये दाखवलं की पिल्लं जवळच राहणाऱ्या समष्टीत नातं वाढतं, पण स्पर्धाही नातलगांशीच होते. त्याच्या साध्या मॉडेलमध्ये दोन्ही परिणाम एकमेकांना पूर्ण खोडतात. म्हणून संदर्भाची (ज्याच्याशी तुलना करायची त्या समष्टीची) वारंवारता स्पर्धा जिथवर पोचते तिथवरची घ्या. जागेसाठीची चढाओढ शंभर मीटरच्या आत संपत असेल, तर जिल्हाभरचे नमुने एकत्र करून काढलेलं नातं हॅमिल्टनच्या नियमात नुसतं घालून चालणार नाही.