इस्रायलमधील काकांशी पुन्हा जुळलेले नाते कसे टिकवावे?

प्रश्न (अलिबागहून)

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ 1964 मध्ये इस्रायलला गेले. पुढे पत्रे विरळ होत गेली आणि शेवटी थांबली. यंदा जानेवारीत काका-काकी आपल्या दोन नातवंडांना घेऊन प्रथमच घरी आले. आम्ही सर्वांनी अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नबीच्या टाप्यावर (या प्रेषिताच्या खुणा जिथे उमटल्या असे आम्ही मानतो, त्या जागी) जाऊन मलिदा, म्हणजे गोड पोहे आणि फळे ठेवून करायची आमची प्रार्थना, केला. तिथे खडकावरची रथाची खूण काकांनी नातवाचा हात धरून त्याला दाखवली, तेव्हा वडिलांचे डोळे भरून आले. निघताना व्हॉट्सॲपवर गट केला, परंतु दोन महिन्यांत त्यावर ‘शब्बाथ शालोम’च्या (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या शुभेच्छांच्या) चित्रांखेरीज काही उरलेले नाही. मी देवनागरीत लिहिलेले निरोप मुलांना वाचता येत नाहीत आणि काकांना बारीक अक्षर दिसत नाही. अशा वेळी काय करावे?

उत्तर (ठाण्याहून)

गटावर विसंबू नका. काकांना थेट फोन करा आणि त्याची वेळ ठरवून टाका. माझी मावशी इस्रायलमध्ये दिमोनाला असते. आमचा फोन दर रविवारी रात्री साडेआठला होतो, म्हणजे त्यांच्याकडे उन्हाळ्यात सहा आणि हिवाळ्यात पाच वाजलेले असतात, कारण त्यांची घड्याळे मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बदलतात. शुक्रवारी दुपारी शब्बाथच्या स्वयंपाकाची घाई असते आणि शनिवारी मावशी फोनला हात लावत नाही. रविवार आपल्या सुट्टीचा असला, तरी तिथे तो कामाचा पहिला दिवस असतो, त्यामुळे सकाळी फोन केला तर घरात कोणी भेटत नाही.

उत्तर (इस्रायलमधील अश्दोदहून)

माझ्या मुलांना मराठी समजते, वाचता मात्र येत नाही. म्हणून लिहिण्याऐवजी आवाजात निरोप पाठवा, आणि तो एक मिनिटापेक्षा मोठा नको. त्याहून महत्त्वाचे म्हणजे काकांकडे काहीतरी मागा, कारण नुसती ख्यालीखुशाली विचारली की ‘बरे आहे’ या दोन शब्दांत बोलणे संपते. नव्याचा सण (आमचे नववर्ष), खिरीचा सण, दारफळणीचा सण ही आपल्या सणांची जुनी मराठी नावे आमच्याकडे आता वयस्कर मंडळींच्याच तोंडी ऐकू येतात. त्या दिवशी अलिबागच्या घरी काय काय होत असे, हे त्यांना विचारा आणि नातवंडांना शेजारी बसवायला सांगा. गेल्या वर्षी पेणच्या वहिनींनी नव्याच्या सणाचा हलवा करताना गव्हाचा चीक आणि नारळाचे दूध आटत असतानाच माझ्या आईला फोन लावला. आई फोनवरूनच ‘हात थांबवू नकोस, बुडाला लागेल’ असे ओरडून सांगत होती, आणि माझी धाकटी मुलगी शेजारी वही घेऊन ते हिब्रू अक्षरांत उतरवून घेत होती. त्यानंतर वहिनींशी स्वतःहून बोलते ती हीच मुलगी.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी साडेआठला फोन लावला आणि काकांना काही मागण्याआधी त्यांनीच विचारले, की परसातला फणस अजून धरतो का. वडील फोन घेऊन तसेच अंधारात परसात गेले आणि बॅटरीच्या उजेडात बुंध्याला लगडलेल्या कुयऱ्या त्यांना एकेक करून दाखवत राहिले. पलीकडून नातू त्या मराठीत मोजत होता. अकरापर्यंत त्याला येत होते, पुढचे आकडे काकांनी सांगितले.