परसातलं पाणी तळघरात उतरतंय. तुमच्याकडे काय लागू पडलं?

सप्टेंबर २०२५च्या पावसानं मराठवाड्यात रानंच्या रानं खरडून नेली. त्यापुढं आमचं दुःख लहान, पण लातूरच्या आमच्या तळघरात घोटाभर पाणी साचलं आणि वडिलांच्या हिशेबाच्या वह्या गेल्या, ते अजून सलतं. त्याआधी आतून वॉटरप्रूफ गिलावा करून घेतला होता. बाहेरून पाण्याचा दाब आला तसा तो फुगला नि पापुद्रे सुटले. शेवटी भर पावसात छत्री घेऊन परसात उभा राहिलो, तेव्हा दिसलं की भराव टाकताना उतारच घराकडे झालाय. यंदा मृगाआधी नळीत पाणी भरून लेव्हल धरली आणि भिंतीपासून दहा फुटांत सहा इंच उतार बाहेर काढला. तुम्ही काय केलंत ते लिहा. फसलेलंही लिहा.

अंबाजोगाई
आमचा माळवदाचा जुना वाडा. आता वर स्लॅब आहे, पण पन्हळीचं पाणी भिंतीच्या बुडाशीच पडायचं. हजार चौरस फूट छतावर एक इंच पाऊस झाला की साधारण २३०० लिटर पाणी होतं. ते सगळं एका कोपऱ्यात! पाइप जोडून पंधरा फूट लांब नेलं. तळघराच्या भिंतीचा लोणा त्याच वर्षी थांबला.

परभणी
आधी आमची चूक सांगते. गावोगाव शोषखड्डे होताना पाहून आम्हीही एक घेतला, भिंतीपासून चार फुटांवर. तळघरात पाणी वाढलंच. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात, पहिला पाऊस त्यातून थेट पायाशी जातो. मग माती फुगून भेगा मिटतात आणि पाणी मुरायचं थांबतं. आमचा खड्डा म्हणजे पायाशी भरून ठेवलेला हौदच झाला होता.

तो बुजवला. भिंतीच्या कडेनं चर काढली, तळाशी खडी, त्यावर चार इंची भोकांचा पाइप, भोकं खालच्या अंगाला. सगळं जिओटेक्स्टाइल कापडात गुंडाळलं, नाहीतर काळ्या मातीचा गाळ दोन पावसाळ्यांत पाइप बुजवतो. उतार शंभर फुटांना एक फूट. नवा शोषखड्डा वीस फुटांवर, मुरूम लागेपर्यंत खोल.

एक हात जोडून सांगते: चर पायाच्या खाली नेऊ नका, आणि जुना दगडमातीचा पाया असेल तर एकदम सगळी उघडू नका. आम्ही सहा-सहा फुटांचे तुकडे केले.

छत्रपती संभाजीनगर
गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला आणि परस त्याच्या फूटभर खाली गेला. पाणी बाहेर काढायला उतारच उरला नाही. कोपऱ्यात टाकी पुरून फ्लोटचा पंप बसवलाय, म्हणजे पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा. नेमकी पावसातच लाइट जाते, म्हणून इन्व्हर्टर घ्यावा लागला.

नांदेड
परभणीच्या ताई, आमच्याकडे बारा फुटांवरही मुरूम लागला नाही. परसात बंद पडलेला बोअर आहे, त्यात सोडू का पाणी?

परभणी
दादा, परसाचं पाणी तसंच बोअरमध्ये नको. गोठ्याची, मोरीची घाण भूजलात जाईल, आणि शेजारी तेच पाणी पितात. छताचं स्वच्छ पाणी तेवढं वाळू-खडीच्या गाळणीतून सोडा. बाकीचं उतारानं नालीपर्यंत न्या. तुमच्या परसाच्या कोणत्या अंगाला नाली आहे?