स्पाउस स्पॉन्सरशिपची फाइल अडकली आहे: नोकरी सोडावी का, आणि व्हिजिटर व्हिसा पुन्हा मागावा का?

कृष्णाकाठची (प्रश्न)

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. माझे पती ओंटारिओमधील ब्रॅम्प्टन येथे राहतात आणि ते कॅनडाचे पीआर, म्हणजे कायमस्वरूपी रहिवासी, आहेत. आमचे लग्न घरच्यांनी ठरवून झाले. रजा संपताच ते परतले आणि तिथूनच त्यांनी माझी स्पॉन्सरशिपची फाइल 'आउटलँड' मार्गाने, म्हणजे मी कॅनडाबाहेर असतानाच, दाखल केली. फाइल मिळाल्याची पोच आली, प्रायोजक म्हणून ते पात्र असल्याचे कळले, माझे बायोमेट्रिक्स झाले, वैद्यकीय तपासणीही झाली. त्यानंतर मात्र ऑनलाइन पोर्टलवरचा पार्श्वभूमी तपासणीचा रकाना जिथे आहे तिथेच आहे.

मध्यंतरी मी व्हिजिटर व्हिसासाठी अर्ज केला होता. मुदत संपल्यावर मी कॅनडातून परत जाईन याची खात्री पटत नाही, असे कारण देऊन तो नाकारला गेला. या नकाराचा मूळ फाइलवर परिणाम होईल का, ही माझी पहिली शंका. दुसरी शंका नोकरीची. सासूबाईंचे म्हणणे असे की कागद आता येतीलच, तेव्हा नोकरी सोडून घरी राहावे आणि जाण्याची तयारी करावी. इकडे रुग्णालयात वरिष्ठ प्रत्येक वेळी विचारतात की तुम्ही नक्की किती महिने आहात, आणि विभागाची जबाबदारी देण्याचा विषय त्यावरच थांबतो. रोज सकाळी साडेसहाला, म्हणजे त्यांच्याकडे आदल्या रात्रीचे नऊ वाजलेले असताना, आमचे बोलणे होते आणि त्यातला निम्मा वेळ फाइलवरच जातो. या वाटेने गेलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

लेकशोअर, मिसिसागा

ताई, आधी मनातली भीती काढून टाका. व्हिजिटर व्हिसाचा नकार हा तुमच्या लग्नाविषयीचा किंवा पीआरच्या पात्रतेविषयीचा निर्णय नसतो. ते दोन वेगळे अर्ज आहेत आणि त्यांचे निकषही वेगळे आहेत. पुढच्या कोणत्याही अर्जात 'पूर्वी व्हिसा नाकारला आहे का' या प्रश्नाला 'होय' असे उत्तर द्यावे लागते, एवढाच त्याचा परिणाम. तो लपवला तर मात्र खोटी माहिती दिल्याचा ठपका बसू शकतो आणि तो नकाराहून कितीतरी महाग पडतो.

कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २२(२) मध्ये स्पष्ट म्हटले आहे की कायमस्वरूपी स्थायिक होण्याचा इरादा असला, म्हणून कोणी तात्पुरते येऊच शकत नाही असे नाही. मात्र मुदत संपल्यावर देश सोडणार हे अधिकाऱ्याला पटले पाहिजे. तेव्हा पुन्हा अर्ज करायचा असेल तर स्पॉन्सरशिपची गोष्ट झाकू नका, उलट पोचपत्र जोडून ती उघडपणे मांडा, आणि त्यासोबत रुग्णालयाने मंजूर केलेल्या रजेचे पत्र, रुजू होण्याची तारीख, पगाराच्या पावत्या असे परत येण्याचे ठोस कारण दाखवा. आता नोकरीविषयी काय करावे ते वेगळे सांगायला नको. ज्या कागदावर पुढचा अर्ज उभा राहणार आहे तोच नोकरी सोडून फाडून टाकण्यात अर्थ नाही. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याने २०२३ च्या मे महिन्यात प्रायोजित जोडीदारांचे व्हिजिटर अर्ज लवकर निकाली काढण्याचे आणि इथे जोडीदारासोबत राहणाऱ्या अर्जदारांना खुल्या वर्क परमिटची (कोणाकडेही नोकरी करण्याच्या परवान्याची) वाट देण्याचे जाहीर केले होते, त्यामुळे दुसरा प्रयत्न अगदीच वाया जाणारा नाही. मात्र त्याआधी पहिल्या नकाराच्या नोंदी मागवा. इथे राहणाऱ्या पीआर व्यक्तीला माहितीच्या अधिकाराचा अर्ज पाच डॉलरमध्ये करता येतो. तुमच्या संमतीपत्रावर पतीने तो करावा. त्या नोंदींत अधिकाऱ्याने काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय तेच कागद पुन्हा पाठवणे म्हणजे आंधळी कोशिंबीर आहे. त्याच पद्धतीने मूळ फाइलच्या नोंदीही मागवता येतात, आणि ती खरोखर कुठे थांबली आहे हे पोर्टलपेक्षा त्यांतून बरेच जास्त कळते.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती पुष्कळ घरांत दुर्लक्षित राहते. प्रायोजक नागरिक नसून पीआर असेल, तर फाइल चालू असताना त्याने कॅनडात राहणे आवश्यक आहे. सणासुदीला भारतात येऊन जायला हरकत नाही. पण 'घरून काम करता येते' म्हणून सहा-आठ महिने साताऱ्याला मुक्काम केला, तर तो कॅनडात राहतो की नाही हाच प्रश्न उभा राहतो. पती भेटीला आले की तिकिटे, विमानतळाचे शिक्के आणि नातेवाइकांसह काढलेली छायाचित्रे ऑनलाइन वेबफॉर्मने फाइलमध्ये जोडा. ठरवून झालेल्या लग्नात आधीच्या सहवासाचे पुरावे नसतात हे अधिकाऱ्यांना माहीत असते. म्हणूनच नंतरचे येणे-जाणे ते बारकाईने पाहतात. आयएमएम ५५३२ हा नात्याविषयीचा फॉर्म भरताना ओळख कशी झाली, समारंभ कोणता झाला, घरचे कोण हजर होते, हे सगळे तुम्ही लिहिलेच असेल; नंतरचे पुरावे त्याच हकिकतीला धरून असावेत.

मिल्टनची माहेरवाशीण

मीसुद्धा फार्मासिस्ट म्हणूनच इथे आले, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवले नाही. वरच्या उत्तरात नोकरी सोडू नका असे म्हटले आहे, पण त्याचे कारण व्हिसापुरते मर्यादित ठेवले आहे. माझ्या मते खरे कारण दुसरेच आहे. पीआर मिळाला म्हणून तुम्ही ओंटारिओत फार्मासिस्ट होत नाही. तुमची पदवी आणि नोंदणी आधी पीईबीसी या राष्ट्रीय परीक्षा मंडळाकडून तपासून घ्यावी लागते, मग मूल्यमापन परीक्षा, त्यानंतर दोन भागांची पात्रता परीक्षा, आणि शेवटी ओंटारिओ कॉलेज ऑफ फार्मासिस्ट्सकडे नोंदणी. यातला पहिला टप्पा, म्हणजे कागदपत्रांची तपासणी, तुम्ही आजच साताऱ्यात बसून सुरू करू शकता, आणि खरे सांगायचे तर तो भारतात असतानाच करावा.

कारण असे की विद्यापीठाची गुणपत्रके आणि महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडची नोंदणीची खात्री या गोष्टी तुम्हाला तिथल्या कार्यालयांतून काढाव्या लागतात, आणि मंडळाला त्या बहुधा त्या संस्थांकडूनच हव्या असतात. तुमची पदवी शिवाजी विद्यापीठाची असेल तर कोल्हापूरची एक फेरी, एक अर्ज, ओळखीच्या कारकुनाला दोन वेळा आठवण, एवढ्यावर काम होते. तेच काम मिल्टनहून करायचे म्हणजे रात्री जागून फोन करणे, आणि शेवटी वडिलांना किंवा दिराला पत्र घेऊन धाडणे. माझ्याबाबत नेमके तेच झाले. कोणाच्या पाया पडायचे आणि कोणता कागद कोणत्या टेबलावर आहे, हे समुद्रापलीकडून समजत नाही.

परीक्षा देत असताना औषधांच्या दुकानात सहायक म्हणून काम करता येते, त्याला परवाना लागत नाही. 'फार्मसी टेक्निशियन' हे पद मात्र वेगळे असून त्याला नोंदणी लागते. भारतात दहा वर्षे काउंटरमागे उभी राहिलेली व्यक्ती इथे पहिले काही महिने डब्यांवर लेबले लावते, याचे वाईट वाटते हे खोटे नाही. पण तेवढ्यात ग्राहक डॉक्टरांचे नाव कसे उच्चारतो, विमा कंपनीने दावा परत पाठवला तर स्क्रीनवर काय दिसते, आणि वृद्ध माणसाला आठवड्याच्या गोळ्या कप्प्याकप्प्यांच्या पाकिटात कशा भरून देतात, हे सगळे हाताखालून जाते, आणि पात्रता परीक्षेच्या प्रात्यक्षिकाच्या भागात तेच उपयोगी पडते.

दोन किरकोळ पण कामाच्या गोष्टी. आरटीओकडून तुमच्या लायसन्सचा इंग्रजी उतारा घेऊन ठेवा. ओंटारिओत भारतीय लायसन्सवर आलेल्यांना लेखी परीक्षा द्यावीच लागते, पण मागचा अनुभव सिद्ध करता आला तर रस्त्यावरच्या परीक्षेसाठीची सक्तीची प्रतीक्षा कमी होते. ब्रॅम्प्टनमध्ये बसने फिरता येते, तरी जानेवारीत थांब्यावर उभे राहिल्यावर लायसन्सची किंमत कळते. आरोग्य कार्डाची काळजी करू नका. ओंटारिओतली तीन महिन्यांची जुनी प्रतीक्षा २०२० मध्ये काढून टाकली आहे.

कृष्णाकाठची

दोघांचेही मनापासून आभार. कोल्हापूरची फेरी या महिन्यातच करते. आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पतींना मॉन्ट्रियलमध्ये चांगली नोकरी मिळण्याची शक्यता आहे. ते तिकडे गेले तर फाइलमध्ये फक्त पत्ता बदलायचा असतो का? दुसरे असे की पासपोर्टवर माझे माहेरचे नाव आणि मधे वडिलांचे नाव आहे. घरात सर्वांचे मत आहे की पतीचे नाव आणि सासरचे आडनाव लावून नवा पासपोर्ट आत्ताच काढावा, म्हणजे तिकडे गेल्यावर प्रश्न येणार नाही.

सेंट लॉरेन्सकाठी

मॉन्ट्रियलविषयी एवढेच: फक्त पत्ता बदलायचा असतो असे मुळीच समजू नका. मॉन्ट्रियल क्वेबेक प्रांतात येते. क्वेबेकमध्ये राहणाऱ्या प्रायोजकाला प्रांताचे वेगळे हमीपत्र भरावे लागते आणि प्रांताचे निवड प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय जोडीदाराला पीआर मिळत नाही. जून २०२४ मध्ये प्रांताने अशा हमीपत्रांच्या संख्येवर मर्यादा घातली आणि त्यामुळे इथली कुटुंबे अडकून पडली. नोकरी उत्तम असेलही, पण तुमचा पासपोर्ट व्हिसासाठी मागवला जाईपर्यंत पतींनी ओंटारिओ सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्रेडिट नदी

नावाच्या प्रश्नावर मी जरा रोखठोक लिहिते. लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती भारतातही नाही आणि कॅनडातही नाही. तुमची पदवी, कौन्सिलची नोंदणी, पोलीस पडताळणीचा दाखला, वैद्यकीय तपासणी आणि फाइल ही सगळी आज एकाच नावावर आहेत. अशा वेळी मधेच नवा पासपोर्ट काढला, तर खात्याला बदल कळवावा लागेल, पीईबीसीला नावबदलाचा पुरावा द्यावा लागेल, आणि व्हिसा व पीआरची पुष्टी ज्या पासपोर्टवर व्हायची तोच बदललेला असेल. विवाह नोंदणीचा नमुना 'ई' दोघांचे नाते सिद्ध करायला पुरेसा आहे. पासपोर्टची मुदतच संपत आली असेल तर नूतनीकरण अवश्य करा, पण त्याच नावाने. पुढे नाव बदलण्याची तुम्हाला स्वतःला इच्छा झाली, तर तो निर्णय ब्रॅम्प्टनला गेल्यावर सवडीने घ्या.

आणि हे कोणी विचारलेले नाही, तरी मुलीच्या आईवडिलांनीही वाचावे म्हणून लिहिते. प्रायोजित पत्नीला दोन वर्षे पतीसोबत राहण्याची सशर्त पीआरची अट २०१२ च्या ऑक्टोबरात आली होती आणि ती २०१७ च्या एप्रिलमध्ये रद्द झाली. आज तुम्ही उतरलात की मिळणारा पीआर हा तुमचा असतो. पती तीन वर्षे तुमच्या मूलभूत गरजांची हमी घेतो. ती जबाबदारी पतीची असते, आणि नात्यात काही बिनसले तरी ती मधेच संपत नाही. 'मी तुला आणले, मी परत पाठवीन' असे कोणी कधी म्हणाले, तर त्याला कायद्याचा आधार नाही. तुमच्या घरात असे काही आहे असे मी सुचवत नाही. पण नव्याने आलेल्यांना मदत करणाऱ्या इथल्या सेटलमेंट केंद्रात बसून मी ही भीती अनेक मराठी मुलींच्या तोंडून ऐकली आहे, आणि ती बहुतेक वेळा केवळ माहितीच्या अभावी असते.

लेकशोअर, मिसिसागा

क्रेडिट नदींशी पूर्ण सहमत. वैद्यकीय तपासणीविषयी एक भर घालतो: तिची वैधता बारा महिने असते. फाइल त्यापुढे लांबली तर पुन्हा तपासणीची सूचना येऊ शकते. ती आली म्हणून घाबरू नका, दिलेल्या मुदतीत नेमून दिलेल्या डॉक्टरांकडेच जा.

आणि पासपोर्ट मागवल्याचा मेल आला की दागिन्यांची यादी करायला घ्या. लग्नातले सोने अंगावर किंवा हातातल्या सामानात आणताना टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याला दाखवण्यासाठी प्रत्येक दागिन्याचे छायाचित्र, वजन आणि सराफाचे मूल्यांकन असलेली यादी दोन प्रतींत ठेवावी. मागाहून पाठवायचे सामान, भांडी, पुस्तके, आईने जपून ठेवलेली पैठणी, यांची वेगळी यादी त्याच वेळी द्यावी, कारण पहिल्या प्रवेशाच्या वेळी जाहीर न केलेल्या वस्तूंवर नंतर शुल्क लागू शकते. पतींनाही सांगून ठेवा की विमानतळावर गाडी उभी करून ते लगेच आत धावू नयेत. पीआरच्या खिडकीवर रांग मोठी असेल तर बाहेर यायला सहज दोन-तीन तास लागतात.